मधलं वर्तुळ

“या, या. इथं बसा,” म्हणत अण्णासाहेब जगदाळे स्वतःची खुर्ची सोडून उठले.

कंपनीच्या दोन दिवसांच्या बैठकीसाठी पाचगणीच्या एका हॉटेलात घेतलेल्या त्या हॉलमध्ये रिकाम्या खुर्च्या भरपूर होत्या. पण त्या साध्या होत्या आणि अध्यक्षांची तेवढी हातांची, उंच पाठीची, पांढरं कव्हर घातलेली. आलेल्या गृहस्थांनी “असू दे, असू दे” एवढंही म्हटलं नाही. ते बसले, गॉगल काढून टेबलावर ठेवला, मोबाईल काढून गॉगलशेजारी ठेवला आणि आम्हीच सगळे उशिरा आल्यासारखे आमच्याकडे पाहू लागले. आमच्या कंपनीचे अध्यक्ष शेजारी साधी खुर्ची ओढून बसले.

मी कंपनी सेक्रेटरी. म्हणजे टाइप करणारी नव्हे, कायद्याच्या कामाची. हा फरक मला निम्म्या साताऱ्याला समजावून सांगावा लागलेला आहे. बैठकीत कोण काय बोललं ते लिहून घेणं हे माझ्या कामातलं एक काम. म्हणून मी वाकून विचारलं, “अण्णासाहेब, यांना कोण म्हणून लिहू?”

“काळभोर साहेब.”

“नाव कळलं. पण कोण म्हणून?”

अण्णासाहेबांनी माझ्याकडे रागानं पाहिलं. मग म्हणाले, “पाहुणे लिहा.”

ते कोण हे मला चांगलं ठाऊक होतं. मानसिंगराव काळभोर. हडपसरकडचे. त्यांच्या वडिलांच्या शेतावर काचेच्या इमारती उभ्या राहिल्या आणि त्या पैशांत मानसिंगराव मोठे झाले. शेत विकणं ही आपली बुद्धिमत्ता होती असा त्यांचा समज होता आणि तो मोडायला कुणी धजावलं नव्हतं. त्यांच्या इंद्रजितसाठी आमच्या अण्णासाहेबांची लेक केतकी बघून झाली होती, पसंती झाली होती, देण्याघेण्याचं बोलणंही झालं होतं. सुपारी फुटायची तेवढी राहिली होती. आणि सुपारी फुटत नाही तोवर लग्न ठरलं असं चारचौघांत म्हणायचं नाही, हा जगदाळ्यांच्या घरातला दंडक. दृष्ट लागते म्हणे. त्यामुळे होणारे व्याही पाचगणीला आपल्या हॉटेलाच्या कामासाठी आलेले असताना सहज डोकावले, तर त्यांना बाहेर थांबा म्हणता येईना आणि हे आमचे व्याही असंही सांगता येईना.

या दोन ‘येईना’मध्ये एक चांगली चाललेली कंपनी बुडाली. ते मी अगदी शेजारी बसून पाहिलं.

कंपनी लोखंडी कपाटांची. एके काळी सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर या पट्ट्यात मुलीच्या लग्नात जगदाळ्यांचं कपाट दिलं की बापाची मान वर राहायची. पण पुण्यात फ्लॅट झाले, फ्लॅटमध्ये भिंतीतली कपाटं आली आणि आमचा माल दरवर्षी थोडा कमी जाऊ लागला. तेव्हा कारखान्यातच काम करणाऱ्या केतकीनं वर्षभर इस्पितळं पालथी घातली. खाटा, औषधांच्या ट्रॉल्या, लॉकर, रॅक. पत्रा तोच, वाकवायचं यंत्र तेच, कामगार तेच. फक्त रंगाची जुनी टाकी काढून भट्टीतल्या भुकटी-रंगाची नवी सोय साताऱ्यातच करायची. त्या जुन्या टाकीचं पाणी शेजारच्या वाडीच्या विहिरीत उतरत होतं, तेही थांबलं असतं. तिचा पाच वर्षांचा आराखडा मी वाचला होता. मी माझ्या नोकरीत बरेच आराखडे वाचले आणि ते बहुतेक फुशारकीचे असत. हा कामाचा होता. तो मंजूर झाला की केतकी व्यवस्थापकीय संचालक होणार असं अण्णासाहेबांनीच तिला सांगितलं होतं.

पण बँकेला बाहेरच्या माणसाचा शिक्का लागतो. म्हणून मुंबईहून निखिल पाठारे नावाचे सल्लागार बोलावले. वय तिशीच्या आत, बूट टोकदार, आणि मराठी असूनही मराठी बोलताना परक्याच्या घरात आल्यासारखे अवघडायचे. पांढऱ्या फळ्यावर त्यांनी मोठ्या अक्षरांत ‘स्टेकहोल्डर’ असं लिहिलं.

“स्टेकहोल्डर म्हणजे कोण?” ते म्हणाले. “ज्याचं या कंपनीत काहीतरी पणाला लागलंय तो. शेअर असो वा नसो. आज आपण बाहेरच्या लोकांचं ऐकायचं. ज्याचा प्रभाव जास्त त्याचं वर्तुळ मोठं आणि मध्याच्या जवळ. उद्या यावरून प्लॅन फायनल.”

दोन दिवसांत हा माणूस बोलला त्यातली व्याख्या तेवढी शहाणपणाची होती.

बाहेरचे म्हणून तिघांना बोलावलं होतं. बँकेचे एक अधिकारी, सांगलीचे आमचे सगळ्यांत जुने विक्रेते ओसवाल शेठ, आणि वाडीचे सरपंच. सरपंच बाटलीत विहिरीचं पाणी घेऊन आले होते. बाटली त्यांनी टेबलावर ठेवली आणि म्हणाले, “आमचं एकच म्हननं हाय. हे प्या.”

कुणी प्यायलं नाही. पाठारे म्हणाले, “व्हेरी व्हॅलिड,” आणि फळ्याच्या कोपऱ्यात एक वर्तुळ काढलं. बांगडी तरी मोठी असते. ओसवाल शेठना थोडं मोठं मिळालं, बँकेला त्याहून मोठं. कामगारांना मिळालंच नाही, कारण ते आतले. मध्यभागी जागा रिकामी होती.

तेवढ्यात काळभोर आले आणि अध्यक्ष उठले.

पाठारेंची मी एरवी कीव केली नसती, पण त्या क्षणी त्यांनी जे पाहिलं ते कुणीही पाहिलं असतं. अण्णासाहेब म्हणजे बँकेच्या मॅनेजरला फोनवर झापणारे, युनियनच्या पुढाऱ्याला गेटवर ताटकळत ठेवणारे गृहस्थ. ते उठतात, स्वतःच्या हातानं कपात चहा ओततात, साखर किती विचारतात, बिस्किटांची बशी पुढे सरकवतात आणि नाव विचारलं तर नुसतं ‘काळभोर साहेब’ म्हणतात, पुढे काही सांगत नाहीत. पाठारेंच्या जगात असा माणूस एकच असतो. पैसे घालणारा. आणि पैसे घालणाऱ्याचं नाव उघड करायचं नसतं, हेही त्यांच्या जगात असतं. त्यांनी मान हलवली, खडू नव्हे, तो काळा मार्कर उचलला आणि मधल्या रिकाम्या जागेत भलंमोठं वर्तुळ काढलं. आत लिहिलं, ‘मा. काळभोर’.

केतकी माझ्या समोर बसली होती. तिनं बापाकडे पाहिलं. बाप बिस्किटांकडे पाहत होता.

“सर, तुमची अपेक्षा?” पाठारेंनी विचारलं.

“माझी?” काळभोर मागे टेकले. त्यांना हे सगळं फार आवडलेलं दिसलं. “माझी कसली अपेक्षा ओ. मी आपला चहा प्यायला आलो. पण विचारताय तर सांगतो. कपाटाचा आरसा लय बारीक असतो तुमच्या. आमच्या घरातल्या बाया कपाट घेतात ते आरशासाठी. पूर्ण माणूस दिसला पाहिजे.”

पाठारेंनी लिहिलं. ओसवाल शेठनी घसा खाकरून सांगितलं की मोठा आरसा गाडीत फुटतो, अर्धा माल परत येतो. ते पाठारेंनी लिहिलं नाही.

“आणि साताऱ्यात काय ठेवलंय? शिरवळला या. हायवेला. आमची जागा आहे तिथं, बघा वाटलं तर. जबरदस्ती नाही.”

पाठारेंनी ‘लोकेशन’ लिहिलं आणि खाली दोनदा रेघ मारली.

“आणि ते काय ऐकलं मी, दवाखान्याच्या खाटा करणार म्हणे?” काळभोरांनी केतकीकडे न बघता विचारलं. “लग्नाची कपाटं करणाऱ्यानं मढ्याच्या खाटा करायच्या? लोक काय म्हणतील? शुभाचं काम आहे तुमचं, जगदाळे.”

“खाटा आजाऱ्यांच्या असतात,” केतकी म्हणाली. “बरेच जण त्यावरून उठून घरी जातात.”

“जातात, जातात,” काळभोर हसले. “पोरगी हुशार आहे.”

अण्णासाहेबही हसले. मी त्यांच्याकडे बारा-पंधरा वर्षं काम करत होते. हसण्यासारखं काही नसताना असं हसताना मी त्यांना तोवर पाहिलं नव्हतं.

मी लिहून घेतलं. सगळं. तेच माझं काम. आजूबाजूला आमच्या विक्रीचे साहेब, खरेदीचे साहेब, सगळे लिहून घेत होते. आदल्या आठवड्यापर्यंत केतकीच्या आराखड्याला माना डोलावणारी हीच मंडळी. विक्रीच्या साहेबांनी तर आरशाचं ऐकून “क्या बात है” असंही म्हटलं. सरपंच उठून आपली बाटली घेऊन गेले. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

संध्याकाळी हॉटेलच्या बागेत अण्णासाहेब येरझाऱ्या घालत होते. दुसऱ्या दिवसाचे कागद सहीला घेऊन मी गेले, तर केतकी तिथं आधीच होती. मला पाहून ती थांबली नाही. उलट म्हणाली, “बाई, तुम्ही पण ऐका. मी अण्णांना एवढंच सांगतेय की त्या पाठारेंना एक वाक्य सांगा. हे गृहस्थ आमचे पाहुणे आहेत, कंपनीशी यांचा संबंध नाही. बस.”

“असं कसं सांगू?” अण्णासाहेब म्हणाले. “उद्या त्यांच्या कानावर गेलं तर? संबंध नाही म्हणाले असं होईल ना ते.”

“पण संबंध नाहीच आहे.”

“होणार आहे ना, बाळा.”

“माझ्याशी होणार आहे. कपाटांशी नाही.”

अण्णासाहेबांनी इकडेतिकडे पाहिलं. “हे बघ. सुपारी फुटेपर्यंत कळ काढ. आत्ता काही वेडंवाकडं बोललो आणि त्यांनी मनात धरलं तर? मुलीचा बाप आहे मी. एकदा सुपारी फुटली की मी स्वतः सांगतो त्यांना स्पष्ट.”

“सुपारी फुटल्यावर तर तुम्ही मुळीच सांगणार नाही,” केतकी म्हणाली. “मग लग्न होईपर्यंत कळ काढायची. मग पहिला दिवाळसण होईपर्यंत. मग मला मूल होईपर्यंत. अण्णा, त्यांना ‘नाही’ म्हणायचा दिवस तुमच्या पंचांगात येणारच नाही.”

“आवाज हळू.”

“का? हे हॉटेलही त्यांचंच आहे का?”

“केतू, मोठ्या माणसांचं मन राखावं लागतं.”

“माझं कोण राखणार?”

अण्णासाहेबांनी माझ्याकडून कागद घेतले, न वाचता सह्या केल्या आणि पेन माझंच असताना स्वतःच्या खिशाला लावून निघून गेले. केतकी बाकावर बसली. मी बसले नाही, पण गेलेही नाही.

“मी इंद्रजितला फोन केला होता,” ती म्हणाली. “म्हटलं, तू तरी बाबांना सांग. तो म्हणाला, बाबांना काय सांगणार, ते मजेत बोलतात, तू मनावर घेऊ नको.” मग म्हणाली, “बाई, मला तो आवडला होता.”

इंद्रजितला मी एकदाच पाहिलं होतं. दोनदा जिम काढून दोनदा बंद केलेला, दिसायला देखणा मुलगा. देखणेपणाखाली आणखी काही आहे का हे बघायला तिला फुरसत मिळाली नव्हती. ती इस्पितळांच्या खाटा मोजत होती. मी म्हटलं, “चल, जेवून घे.”

दुसऱ्या दिवशी सकाळी संचालक मंडळ आणि सगळे साहेब जमले. बँकेचे अधिकारी होते, ओसवाल शेठ होते. सरपंच नव्हते. आणि मानाच्या खुर्चीवर काळभोर होते. आज त्यांनी सिल्कचा शर्ट घातला होता आणि अत्तर इतकं लावलं होतं की शेजारच्या अण्णासाहेबांचे डोळे चुरचुरत असावेत. पण ते आनंदात दिसायचा प्रयत्न करत होते.

पाठारेंनी रात्रभरात पुस्तक तयार केलं होतं. रंगीत, गुळगुळीत, प्रत्येकापुढे एकेक. पहिल्याच पानावर वर्तुळं. मधल्यात काळभोर.

“बाहेरच्या घटकांचं नीट ऐकून घेतल्यानंतर,” पाठारे सुरू झाले, “आम्ही चार मोठे बदल सुचवतोय. एक, पूर्ण उंचीच्या आरशाच्या कपाटांची नवी श्रेणी. दोन, कारखाना टप्प्याटप्प्यानं शिरवळला. तीन, हॉस्पिटल सेगमेंट तूर्त बाजूला. कारण महत्त्वाच्या घटकाला त्यात ब्रँडची हानी दिसते.”

मढ्याच्या खाटांचं ‘ब्रँडची हानी’ असं भाषांतर झालेलं पाहून मला त्या पोराचं कौतुक वाटलं. अशा कौतुकानं घेरी येते.

“आणि चार,” पाठारे म्हणाले, “नेतृत्व. काल जेवताना सरांनी फार मोलाचा मुद्दा मांडला. सर, तुम्हीच सांगता?”

“अहो साधी गोष्ट आहे,” काळभोर म्हणाले. “घरातली लेक कारखान्यात किती दिवस राबणार? तिला तिचा संसार आहे. आमच्याकडं सुनांना असल्या कामाला पाठवत नाहीत. म्हणजे, कुठल्याच चांगल्या घरात पाठवत नाहीत, म्हणतो मी. त्यापेक्षा तरुण, धडाडीचा गडी आणा. माझ्या बघण्यात आहे एक.”

पाठारेंनी पान उलटलं. तिथं व्यवस्थापकीय संचालक या चौकटीत नाव छापलेलं होतं. श्री. इंद्रजित काळभोर. कंसात ‘प्रस्तावित’.

बँकेच्या अधिकाऱ्यांनी चष्मा वर करून ते नाव वाचलं आणि मग मानाच्या खुर्चीकडे पाहिलं. त्यांना काहीतरी उमगलं असावं, पण बँकेचा माणूस उमगलेलं तोंडावर दाखवत नाही. सगळे अण्णासाहेबांकडे पाहू लागले. केतकीही पाहत होती. ती जितकं थांबली तितकं मी थांबले नसते. तिनं बापाला बोलायला पुरेसा वेळ दिला. एक वाक्य पुरलं असतं. अण्णासाहेबांनी टेबलावरच्या कापडाची सुरकुती बोटानं सरळ केली, ती परत पडली, त्यांनी परत सरळ केली.

“पाठारे,” केतकी म्हणाली, “काल तुम्ही स्टेकहोल्डरची व्याख्या सांगितलीत. ज्याचं काही पणाला लागलंय तो.”

“करेक्ट.”

“यांचं काय लागलंय?”

पाठारे गोंधळले. “म्हणजे, सरांची गुंतवणूक...”

“एक रुपया नाही.”

“मग कर्ज? सप्लाय?”

“काही नाही. आमचं एक कपाटसुद्धा यांनी घेतलेलं नाही. विचारा.”

पाठारेंनी विचारलं नाही. त्यांनी फक्त पुस्तकाचं पहिलं पान उघडलं आणि वर्तुळाकडे पाहिलं. काळभोरांच्या चेहऱ्यावरचं हसू अजून तसंच होतं. “सांगा की जगदाळे,” ते म्हणाले. “कोण आहे मी?”

अण्णासाहेब म्हणाले, “पाहुणे आहेत ते आपले.”

तेवढंच म्हणाले. बापाच्या तोंडून शेवटी निघालं ते हे.

“यांचं एकच पणाला लागलं होतं,” केतकी म्हणाली. “ते मी. ते मी काढून घेते.”

ती उठली. किटलीतून कपात चहा ओतला, साखर घातली, ढवळला आणि बशीसकट दोन्ही हातांनी काळभोरांपुढे ठेवला. डोक्यावर पदर नव्हता, पण वाकून नमस्कार केला. “काका, चहा घ्या. तुमचा पाहुणचार करायला आमच्या घरी काही कमी पडलं असेल तर माफ करा. आपली सुपारी फुटणार नाही. तुमचा चहा होईपर्यंत गाडी दारात लावायला सांगते.”

ती आवाज न चढवता बोलली, म्हणून सगळ्यांना ऐकू गेलं.

काळभोरांनी चहा घेतला नाही. गॉगल उचलला, मोबाईल उचलला आणि उठले. जाताना अण्णासाहेबांना म्हणाले, “लेकीला लय शिकवलंत, जगदाळे.” दार लागलं. आणि आमचे अध्यक्ष धावत त्यांच्या मागे गेले. खिडकीतून दिसत होतं. गाडीचं दार अण्णासाहेबांनी उघडलं, हात जोडले, दार लावलं, पुन्हा हात जोडले. गाडी निघाली तेव्हाही ते हात जोडूनच उभे होते.

पाठारेंनी मला हळूच विचारलं, “मॅडम, आता या मधल्या सर्कलमध्ये कुणाला घालू?”

मी म्हटलं, “स्वतःला घाला.”

कुणालाही वाटेल की इथं केतकी जिंकली. मलाही घटकाभर वाटलं. अण्णासाहेब घाम पुसत परत आले, आपल्या खुर्चीवर बसले आणि म्हणाले, “झालं ते झालं. पुस्तक तयार आहे. ते मंजूर करू.”

“कुठलं पुस्तक?” केतकीनं विचारलं.

“हेच. इंद्रजितचं नाव तेवढं तूर्त कोरं ठेवा. बाकी राहू दे.”

“अण्णा, ते गेले. आरसा आणि शिरवळ कुणासाठी ठेवताय?”

अण्णासाहेबांनी जे उत्तर दिलं ते मी माझ्या कारकिर्दीतलं सर्वांत मूर्ख वाक्य मानते, आणि मी मंत्र्यांची भाषणं ऐकलेली आहेत. ते म्हणाले, “राग काय, चार दिवसांत उतरतो. परत बोलणी सुरू होतील. तेव्हा त्यांचं सांगणं आपण काढून टाकलं असं दिसलं तर बरं दिसेल का?”

म्हणजे माणूस गेला आणि त्याचा सल्ला खुर्चीवर तसाच बसून राहिला. संचालकांनी हात वर केले. विक्रीच्या साहेबांनी सगळ्यांच्या आधी केला. केतकीनं आपला आराखडा उचलून पिशवीत घातला आणि निघाली. तिच्यामागे कुणी धावलं नाही.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण ते सांगण्यासारखं नाही. शिरवळची जागा घेतली. ती काळभोरांचीच घेतली, म्हणजे मन राखलं गेलं. मोठ्या आरशाची कपाटं निघाली आणि ओसवाल शेठनी सांगितलं होतं तशीच गाडीत फुटून परत आली. साताऱ्याच्या कामगारांपैकी शिरवळला कोण जाणार? जे गेले ते वर्षाच्या आत परतले. बोलणी परत सुरू झाली नाहीत. इंद्रजितचं लग्न बारामतीकडच्या मुलीशी झालं आणि त्या लग्नात अण्णासाहेबांनी आहेर म्हणून एक पूर्ण उंचीच्या आरशाचं कपाट पाठवलं. मी स्वतः ते ट्रकवर चढताना पाहिलं. त्या संध्याकाळी मी राजीनामा लिहिला. काही वर्षांनी कंपनी एका दिल्लीच्या माणसानं जमिनीच्या भावात घेतली. त्यात अण्णासाहेबांची चूक नव्हती, असं ते अजून सांगतात. बाजार बदलला, म्हणतात.

केतकीनं साताऱ्यातच एक बंद पडलेली शेड भाड्यानं घेतली. जुन्या कारखान्यातले वेल्डर, पत्रेवाले तिच्याकडे आले. मीही गेले. आता तिच्या खाटा सहा-सात जिल्ह्यांतल्या इस्पितळांत आहेत. लग्न तिनं केलं, उशिरा, एका शांत माणसाशी, ज्याचे वडील कारखान्यात आले तर गेटवर वहीत नाव लिहून आत येतात.

गेल्या श्रावणात आमची पुढच्या वर्षांची बैठक होती. तिच्याकडे फळा नाही, वर्तुळंही नाहीत. लांबलचक पत्र्याचं टेबल आहे आणि त्याभोवती सारख्या खुर्च्या. त्या दिवशी सरकारी इस्पितळातल्या एक सिस्टर आल्या होत्या, मिरजेचे दोन डॉक्टर होते आणि वाडीचे सरपंच होते. जुन्या सरपंचांचा मुलगा. सिस्टर खाटेची कडी कुठे लागते आणि पेशंटला उचलताना पाठीला कशी रग लागते ते उभ्या राहून दाखवत होत्या आणि मी लिहून घेत होते.

तेवढ्यात अण्णासाहेब आले. आता थकलेत. हातात काठी, पण शर्ट कडक इस्त्रीचा. केतकी उठली, पुढे गेली, वाकून नमस्कार केला. आतून गादीची खुर्ची आणवली, पंख्याखाली ठेवली, स्वतः चहा ओतला, साखर अर्धा चमचा घातली, कारण त्यांना साखर चालत नाही, आणि बशीसकट दोन्ही हातांनी पुढे ठेवला.

“मीटिंग चाललीय वाटतं,” अण्णासाहेब म्हणाले. “मी बसतो जरा.”

“बसा की, अण्णा.”

ते बसले. सगळ्यांकडे पाहिलं. घसा खाकरला. “तुमचं खाटांचं बरं चाललंय. पण माझं ऐका. लॉकरला आरसा लावा. पेशंटच्या नातेवाइकांना बरं वाटतं. आणि साताऱ्यात किती दिवस काढणार? शिरवळला अजून एक जागा माझ्या पाहण्यात आहे. काळभोरांचीच, पण देतील ते. माझा शब्द टाकतो.”

डॉक्टरांनी आदरानं मान हलवली. सरपंचाच्या पोरानं खाली पाहिलं. केतकीनं शेवटच्या शब्दापर्यंत ऐकून घेतलं, मध्ये तोडलं नाही, चेहऱ्यावर रेषा हलू दिली नाही. मग वळून म्हणाली, “सिस्टर, कडी सांगत होता ना. डाव्या बाजूला घेतली तर?”

सिस्टर परत खाटेशी वाकल्या. मी लिहू लागले. अण्णासाहेब काठी सरकवून माझ्याकडे झुकले. मला त्यांची कीव यायला हवी होती. आली नाही.

“नेर्लेकर बाई,” ते हळूच म्हणाले, “मी आरशाचं म्हणालो ते लिहून घेतलंत ना?”

मी पेनाला टोपण लावलं आणि म्हणाले, “अण्णासाहेब, चहा गार होतोय.”